पौषात घर घ्यावं का?

मार्गशीर्षातले गुरुवार संपले, की आमच्याकडे घराजागेची बोलणी थंडावतात. हिंगोली जिल्ह्यातल्या वसमत-औंढा रस्त्यावरचं शिरड शहापूर घ्या. मल्लिनाथाच्या जैन मंदिरामुळे बाहेरच्यांना ठाऊक असलेलं हे गाव. दसरा-दिवाळीत इथे कोणी बखळ जागा मोजून बघतो, कोणी रस्त्याकडेच्या प्लॉटचा भाव विचारतो, कोणी जुन्या वाड्याच्या वाटण्यांची चौकशी करतो. पौष लागला की हीच माणसं म्हणतात, "आता माघात बोलू." माघात लग्नं निघतात, फाल्गुनात हळद शिजते, आणि बोलणं पाडव्यावर किंवा अक्षय्य तृतीयेवर जातं.

या मधल्या पाच-सात आठवड्यांत ज्याच्या हातात पैसा आहे, त्यानं सौदा करावा का? दहा-पंधरा वर्षांपूर्वी हा प्रश्न फारसा कोणी विचारत नव्हतं, कारण पैसाच पिकाच्या तालावर यायचा. आता गावात पगारदार शिक्षक आहेत, पुण्याहून पैसे पाठवणारी मुलं आहेत, बँकेचं कर्ज मंजूर होऊन पडलेली कुटुंबं आहेत. त्यांना सोयाबीनची किंवा हळदीची वाट बघायची नसते. मंदीत भाव उतरतो, तेव्हा घ्या, असा सल्ला त्यांना सगळीकडून मिळतो. घरातली वडीलधारी मात्र म्हणतात, पुसात नवं काही करू नये. दोन्ही बाजूंत तथ्य आहे, आणि दोन्ही बाजू एक महत्त्वाची गोष्ट सोडून बोलतात, असं मला वाटतं.

आधी वडीलधाऱ्यांचं. पौषात लग्न, मुंज, वास्तुशांत करत नाहीत. सूर्य धनु राशीत असतो, धनुर्मास चालू असतो. ही श्रद्धा ज्यांची आहे, त्यांना ती सोडा म्हणण्याचा अधिकार मला नाही. घर ही आयुष्यात एकदाच होणारी खरेदी. ती करताना आईच्या मनात पाल चुकचुकत राहिली, तर त्या घरात पुढे जे काही वाईट घडेल, त्याचं खापर त्या महिन्यावर फुटतं. हे ओझं खोटं नाही. शिवाय पौषाला टाळण्यामागे शेतकऱ्याची सोयही असावी. या दिवसांत कापसाची वेचणी चालू असते, तूर काढणीला आलेली असते, गव्हा-हरभऱ्याला रात्रीच्या विजेवर पाणी द्यायचं असतं. माणूस रानात असतो. चार माणसं बसवून चतुःसीमा बघायला कोणाला सवड असते?

पण सौदा, खरेदीखत, ताबा आणि वास्तुशांत या चार वेगळ्या गोष्टी आहेत, आणि त्या चार वेगळ्या दिवशी होऊ शकतात. १९०८ च्या नोंदणी कायद्यानं दस्तावर सह्या झाल्यापासून तो नोंदणीला हजर करायला चार महिन्यांची मुदत दिलेली आहे. बोलणी पौषात, इसार पौषात, खरेदीखत माघात आणि गृहप्रवेश पाडव्याला, असं करण्यात कायद्याची काही अडचण नाही आणि पंचांगाचीही नाही. २०२० सालचा डिसेंबर आठवा. करोनाच्या काळात राज्य सरकारनं १ सप्टेंबर ते ३१ डिसेंबर या काळासाठी मुद्रांक शुल्क तीन टक्क्यांनी कमी केलं होतं. धनुर्मास चालू असतानाही दुय्यम निबंधकांच्या दारात रांगा लागल्या, आणि एकट्या मुंबईत त्या महिन्यात १९ हजारांवर घरं नोंदली गेली. कारण पटलं, की लोक महिना बाजूला ठेवतात. तेव्हा पौषाची अडचण सोडवता येण्यासारखी आहे. खरा विचार करायचा तो पुढच्या गोष्टींचा.

भाव का उतरतो, हे आधी समजून घेऊ. थंड देशांत हिवाळ्यात घरांचा बाजार बसतो, तो बर्फामुळे, शालेय वर्षाच्या मध्यावर मुलांना हलवता येत नाही म्हणून. आपल्याकडे तसलं काही नाही. उलट बांधकामाला याच्यासारखा काळ नाही. दिवाळीनंतर वीटभट्ट्या पेटलेल्या असतात, पाणी असतं, ऊन सौम्य असतं, सिमेंटच्या कामावर पाणी मारायला कसर करावी लागत नाही. पौषात प्लॉट हातात आला, तर माघात पाया निघतो आणि मृगाच्या आधी स्लॅब पडतो. हाच प्लॉट अक्षय्य तृतीयेला घेतला, तर पाया खणेपर्यंत पाण्याचे टँकर आणि स्लॅबच्या दिवशी वळवाचा पाऊस. म्हणजे ज्याला कोरी जागा घेऊन बांधायचं आहे, त्याच्यासाठी हिवाळा हा मंदीचा नव्हे, कामाचा हंगाम आहे. त्यानं वाट बघण्यात तोटाच आहे.

भाव उतरतो तो विकणाऱ्याच्या गरजेनं. सोयाबीनचे पैसे दिवाळीत उधाऱ्या फेडण्यात गेलेले. हळद अजून जमिनीत. ती मे-जूनमध्ये लावायची, आठ-नऊ महिने वाढवायची, मग काढणी, शिजवणं, वाळवणं, पॉलिश. वसमत आणि हिंगोलीच्या बाजारात तिचे पैसे हातात यायला चैत्र-वैशाख उजाडतो. दरम्यान माघ-फाल्गुनात मुलीचं लग्न ठरलेलं असतं, आणि पीककर्ज ३१ मार्चच्या आत भरलं नाही, तर व्याजाची सवलत जाते. या फटीत जो घर किंवा जागा विकायला काढतो, तो हौसेनं काढत नाही. गिऱ्हाईक एकच, आणि तेही पौषातलं. घेणाऱ्याच्या हातात सगळं बळ येतं.

हे बळ किती वापरायचं, हा मला यातला सगळ्यात अवघड प्रश्न वाटतो. बाजारात भाव करणं गैर नाही. विकणाऱ्यालाही वेळेवर पैसा हवा असतो, आणि पौषातलं एकमेव गिऱ्हाईक त्याला सावकाराच्या दारापासून वाचवतं, हेही खरं. जो अशा वेळी रोख उभा राहतो, त्यानं थोडा कमी भाव मागणं रास्त आहे. पण गावात ज्याचं घर घ्यायचं, त्याच्या भावकीच्या शेजारीच राहायचं असतं. लग्नाची तारीख बघून, शेवटच्या आठवड्यापर्यंत ताणून घेतलेला सौदा माणसं विसरत नाहीत. पुढे सामाईक भिंतीचा, सांडपाण्याच्या नालीचा, वाटेचा प्रश्न निघाला, की त्या दिवसाची आठवण निघते. घराच्या दोषापायी भाव कमी करून मागावा. माणसाच्या अडचणीपायी मागू नये. दोष मात्र नीट शोधावेत, आणि हिवाळ्याची खरी गोम तिथेच आहे. हिवाळ्यात घराचे दोष झाकलेले असतात.

गेल्या काही वर्षांतल्या एका जानेवारीत एका शिक्षक मित्राबरोबर मी आमच्याच भागातलं एक माळवदाचं घर बघायला गेलो होतो. जाड भिंती, लाकडी खांब, तुळया, वर पांढऱ्या मातीचा थर. बाहेर बोचरी थंडी आणि आत उबदार. मित्र दारातच विरघळला. मी वर बघत होतो. मधल्या खोलीच्या तीन भिंती जुन्या, मळकट, आणि मागची एकच भिंत नव्या चुन्यानं पांढरीफेक. कोपऱ्यात तुळईच्या टोकाखाली, चुन्याच्या आतून, चहाच्या रंगाचा एक ओघळ उमटला होता, बोटभर रुंद. घरधनीण म्हातारी होती. मी विचारलं, "मावशी, ह्या एकाच भिंतीला चुना दिलाय?" ती म्हणाली, "सणाला दिला, चुना सरला." परसात आड होता. वाकून बघितलं, तर पाणी हाताशी आल्यासारखं चमकत होतं. "कधीच आटत नाही," म्हातारी म्हणाली. निघताना शेजारची बाई पाण्याची घागर घेऊन उभी होती. तिनं हळूच माझ्या मित्राला सांगितलं, "सर, आखाडात या, मग छत बघा. आणि होळी झाली की आम्ही समदे त्या तिकडच्या बोअरवर जातो."

म्हातारी खोटं बोलत होती असं मला तेव्हाही वाटलं नाही आणि आजही वाटत नाही. तिला नातीच्या लग्नाची घाई होती. तिनं अडचणीतली माणसं सांगतात तेवढंच सांगितलं.

छताचं सोपं आहे. गवंडी वर चढला, त्यानं पहारीनं माती उकरली आणि तुळईचं टोक कुजलेलं दाखवलं. पाण्याचं तितकं सोपं नाही. आपला जिल्हा काळ्या पाषाणावर बसलेला आहे. त्या पाषाणात पाणी साठतं ते वरच्या मुरमाच्या थरात आणि फटींमध्ये. पावसाळ्यात ते भरतात, आणि दिवाळीपासून उतरायला लागतात. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा निरीक्षण विहिरींची पातळी वर्षातून चार वेळा मोजते, जानेवारी, मार्च, मे आणि ऑक्टोबर. एकाच मोजणीवर विसंबता येत नाही, म्हणून तर चार. घर बघणारा मात्र जानेवारीचं पाणी बघतो आणि बाराही महिन्यांचा हिशेब करून मोकळा होतो. जवळून कालवा जात असेल आणि रब्बीचं आवर्तन सुटलेलं असेल, तर आड-विहिरी आणखीच भरलेल्या दिसतात. तेव्हा पौषात आडात वाकून बघण्याला अर्थ नाही. मे महिन्यात इथल्या बायका पाणी कुठून आणतात, टँकर कोणत्या गल्लीपर्यंत येतो, नळाला किती दिवसांआड पाणी सुटतं, हे शेजारी विचारावं. तेही पुरुषांना विचारून भागत नाही. घागर ज्यांच्या डोक्यावर असते, त्यांनाच विचारावं लागतं.

तिसरी गोष्ट मातीची. आपल्या जुन्या माणसांनी गावाचे दोन भाग केले होते, काळी आणि पांढरी. काळीत पेरायचं, पांढरीत राहायचं. त्यामागे पक्कं शहाणपण होतं. काळी माती पावसात फुगते आणि उन्हात आकसते. वैशाखात रानात हात जाईल एवढ्या भेगा पडतात, त्याच भेगा त्या मातीवर उथळ पाया घालून उभारलेल्या भिंतीतही उतरतात. आता पांढरी अपुरी पडली. रस्त्याकडेची काळीची रानं प्लॉट पाडून विकली जातात, आणि घरं तिथे होतात. हिवाळ्यात माती मधल्या अवस्थेत असते, पुरती फुगलेली नाही, पुरती तडकलेली नाही. भेगा केसासारख्या दिसतात, किंवा रंगाखाली दिसतही नाहीत. म्हणून काळीतलं बांधलेलं घर घेताना पाया मुरमापर्यंत गेला होता का, हे ज्या गवंड्यानं तो घातला त्याला गाठून विचारावं. खिडकीच्या कोपऱ्यांतून तिरक्या निघालेल्या रेघा शोधाव्यात. जोत्यावर बोट फिरवलं, तर भरलेली भेग हाताला लागते.

यात भूकंपाचीही गोष्ट आली. २०२४ मध्ये २१ मार्च आणि १० जुलै अशा दोन्ही दिवशी सकाळी हिंगोली जिल्ह्यात ४.५ तीव्रतेचे धक्के बसले, नांदेड-परभणीपर्यंत जाणवले. वसमत तालुक्यातल्या पांगरा शिंदेची माणसं जमिनीखालच्या गूढ आवाजांबद्दल वर्षानुवर्षं सांगत आली आहेत. घाबरून जावं असं यात काही नाही. पण किल्लारीला ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे माणसं मेली ती प्रामुख्यानं दगड-मातीच्या जाड भिंती आणि त्यावरचं माळवदाचं ओझं अंगावर आल्यानं, हे मराठवाड्यानं विसरू नये. जुनं माळवद घ्यायचं, तर त्यावरचा मातीचा थर किती आहे आणि तुळया भिंतीत किती रुतल्या आहेत हे तपासून घ्या. नवं घर घ्यायचं, तर दाराखिडक्यांच्या वरून सलग काँक्रीटचा पट्टा फिरवलाय का, एवढं तरी बघा. हे मात्र कोणत्याही महिन्यात बघता येतं.

आता पैशाचं. १ एप्रिलला सरकारी मूल्यदर, म्हणजे रेडीरेकनर बदलतो, तेव्हा त्याआधी उरका, अशी घाई करणारे मध्यस्थ पौष-माघात हमखास भेटतात. आकडा मांडून बघा. १ एप्रिल २०२५ ला ग्रामीण भागात सरासरी ३.३६ टक्के वाढ झाली. दहा लाखांचं सरकारी मूल्य असलेल्या घरावर ती ३३ हजार ६०० रुपयांची. मुद्रांक शुल्क पाच टक्के धरलं, तर वाढीव बोजा १ हजार ६८० रुपये. एवढ्यासाठी आषाढातलं छत न बघता घर घ्यायचं? उलट २०२१ पासून घर केवळ स्त्रीच्या नावावर खरेदी केलं, तर मुद्रांक शुल्कात एक टक्का सवलत आहे. दहा लाखांवर दहा हजार. ती पौषातही मिळते आणि श्रावणातही. मध्यस्थ ती सहसा सांगत नाहीत, आणि घरातले पुरुष विचारत नाहीत. आणखी एक लक्षात ठेवावं. मंदीत भाव कितीही पाडून घेतला, तरी शुल्क करारातली रक्कम आणि सरकारी मूल्य यांत जे जास्त असेल त्यावर लागतं.

कागदांबद्दल बरंच लिहिता येईल, पण हिवाळ्याशी जोडलेली एकच गोष्ट इथे सांगतो. गावातलं घर बहुतेक वेळा वडिलोपार्जित असतं. ग्रामपंचायतीच्या नमुना ८ वर एका भावाचं नाव असतं, आणि तो उतारा दाखवून सौदा होतो. पण नमुना ८ ही कर आकारणीची नोंद आहे, मालकीचा पुरावा नव्हे. हिस्सा बहिणींचाही असतो. हिंदू वारसा कायद्याच्या २००५ च्या दुरुस्तीनं तो दिला आणि ११ ऑगस्ट २०२० च्या निकालात सर्वोच्च न्यायालयानं तो जन्मानं मिळतो हे पक्कं केलं. बहिणी गावात असतात त्या पंचमीला, दिवाळीला, भाऊबीजेला. पौषात त्या सासरी असतात, धाकटा भाऊ पुण्यात कंपनीत असतो, चुलता ऊसतोडीला गेलेला असतो. गावात उरलेला एक जण घाईनं विकतो, आणि दोन वर्षांनी दावा उभा राहतो. हिवाळ्यातल्या स्वस्त सौद्यांत हा धोका मला छताच्या ओघळापेक्षा मोठा वाटतो. सगळ्या हिस्सेदारांच्या सह्या होईपर्यंत इसारापलीकडे एक रुपया देऊ नये, आणि इसारही बँकेतून, लेखी पावतीवर द्यावा. जागा गायरानातली नाही ना, वर्ग दोनची नाही ना, सातबाऱ्यावर इतर हक्कांत बँकेचा बोजा नाही ना, आणि काळीतला प्लॉट असेल तर तो रीतसर अकृषिक झालेला आहे ना, हे वकिलाकडून बघून घ्यावं. गावठाणाची ड्रोन मोजणी होऊन स्वामित्व योजनेत मालमत्ता पत्रक निघालेलं असेल, तर काम पुष्कळ सोपं होतं. त्या पत्रकावरची नावं आणि सह्या करणारी माणसं एकच आहेत का, ते मात्र ताडून पाहावं.

मग घ्यावं की नाही? कोरी, निर्वेध जागा बांधण्यासाठी हवी असेल, तर पौषात जरूर घ्यावी. वाट बघण्यानं हंगाम जातो. ज्या घराच्या शेजारी तुम्ही लहानपणापासून राहिलात, ज्याचं छत तुम्ही आषाढात गळताना किंवा न गळताना पाहिलंय, तेही घ्यावं, महिन्याकडे बघू नये. पण बाहेरगावाहून एका सुट्टीत येऊन, थंडीतल्या सुंदर उन्हात एकदा बघितलेलं तयार घर कमी भावात मिळतंय म्हणून त्याच पंधरवड्यात खरेदी करू नये, असं माझं स्पष्ट मत आहे. त्यासाठी सोपा रस्ता आहे. भाव पौषात ठरवा, इसार द्या, आणि इसारपावतीत लिहून घ्या की अमुक दोषांची दुरुस्ती किमतीतून वजा होईल आणि सर्व वारसांच्या सह्यांनंतर उरलेली रक्कम मिळेल. माझ्या मित्रानं तेच केलं. गवंड्यानं सांगितलेला तुळईचा आणि छताचा खर्च वजा झाला, त्याखाली त्यानं भाव पाडला नाही. म्हातारीच्या दोन्ही मुली सह्यांना आल्या. लग्नाआधी तिच्या खात्यात पैसे जमा झाले. आडाच्या भरवशावर न राहता त्यानं टाकी बांधून घेतली, आणि गृहप्रवेश त्याच्या आईच्या मनाप्रमाणे पाडव्याला केला.

या पौषात तुम्ही शिरड शहापूर, औंढा, वसमत, कुठेही घर बघायला निघाला असाल, तर पाणी दाखवायला घरमालक तुम्हाला आडापाशी नेईल. तिथून परतताना शेजारच्या घरासमोर दोन मिनिटं थांबा, आणि होळीनंतर पाणी कुठून आणता, एवढं त्या घरातल्या बाईला विचारा.